बोजा नको, मोजमाप हवं

दिवाळी सरली की नाशिक जिल्ह्यातल्या सुरगाणा तालुक्यात विटांच्या गाड्या दिसू लागतात. भात घरात आलेलं असतं, नागली-वरईची झोडणी उरकत आलेली असते, आणि घराचं काही काढायचं तर आत्ताच, हे गावाला ठाऊक असतं. मृगाचा पाऊस या डोंगरात शिरला की पुढचे चार महिने सिमेंटची गोणी उघडायची सोय राहत नाही. कुडाच्या भिंती उतरवून विटेच्या चढवायच्या, कौलं काढून पत्रे घालायचे, ऐपत असली तर स्लॅब टाकायचा, मागच्या पडवीत मोरी आणि संडास काढायचा. तालुक्यातलं बरंचसं बांधकाम असं असतं. नव्या जागेवर नवं घर क्वचित. जुन्याच्याच जागी पक्कं घर नेहमी.

भांडणंही याच हंगामात उभी राहतात. भिंती लिंटलपर्यंत येईतो सगळं सुरळीत चालतं. मग एके दिवशी मिस्त्री म्हणतो, ‘जोतं दोन फूट जास्त भरलं, त्याचे वेगळे द्या.’ मालक म्हणतो, ‘ठरलं त्यात सगळं आलं.’ मिस्त्री चार दिवस येत नाही. पाचव्या दिवशी येतो तो सेंटरिंगच्या प्लेटा न्यायला. मालक त्याचं मिक्सर अडवतो. कोणी पोलीस ठाण्यात जातं, तिथे ‘हा दिवाणी मामला आहे’ असं सांगून परत पाठवलं जातं. वैशाख संपतो, आणि उघड्या भिंतींवर मेणकापड टाकून कुटुंब पावसाळा काढतं. मिस्त्रीच्या घरीही त्या सालात उधारी फिटत नाही. दोघांचंही नुकसान खरं असतं, आणि दोघंही आपापल्या परीने बरोबर असू शकतात.

अशा वेळी दोघांच्याही मनात एक समजूत असते: पैसे मिळेपर्यंत वस्तू अडवून धरणं हा आपला हक्क आहे. या समजुतीत थोडं तथ्य आहे, पण ज्या जागी ती वापरली जाते तिथे नाही.

सुरगाण्यातलाच दाखला घ्यायचा तर सागाच्या दाराचा घेता येईल. मालकाने आपलं लाकूड सुताराच्या कारखान्यात दिलं आणि त्याची दारं करायला सांगितली. दारं तयार झाली, मजुरी मिळाली नाही. सुतार ती दारं ठेवून घेऊ शकतो. १८७२ च्या भारतीय करार कायद्याचं कलम १७० त्याला तो हक्क देतं: दुसऱ्याच्या वस्तूवर ज्याने कसब आणि श्रम खर्च केले, त्याला मोबदला मिळेपर्यंत ती वस्तू ताब्यात ठेवता येते. कायद्याने उदाहरण दिलंय ते जवाहिऱ्याकडे पैलू पाडायला दिलेल्या हिऱ्याचं. पाठोपाठ दुसरं उदाहरण आहे शिंप्याचं. शिंप्याने ‘कोट शिवून झाला की लगेच देतो, पैसे तीन महिन्यांनी द्या’ असं कबूल केलं असेल, तर त्याला कोट अडवता येत नाही. उधारी कबूल केली की अडवण्याचा हक्क संपला. सुताराने ‘द्या हो, भात विकल्यावर’ म्हटलं असेल तर त्याचंही तेच.

आता तेच दार चौकटीत बसलं. बिजागरी ठोकली गेली त्या क्षणी चित्र पालटतं, कारण कलम १७० हलवता येण्याजोग्या वस्तूंपुरतं आहे. घर, भिंत, स्लॅब यांना ते लागू नाही. मद्रास राज्य विरुद्ध गॅनन डंकर्ली या १९५८ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयासमोर प्रश्न विक्रीकराचा होता, पण त्यात सांगितलेलं तत्त्व प्रत्येक बांधकामाला लागू पडतं: बांधकामात वापरलेलं सामान इमारतीचा भाग होतं आणि त्याच रूपाने मालकाकडे जातं. भिंतीतली वीट मिस्त्रीची राहत नाही. पैसे थकले म्हणून बसवलेली खिडकी उखडून नेणारा वसुली करत नसतो. तो गुन्ह्याच्या वाटेला लागलेला असतो. मालकालाही मिक्सर अडवण्याचा हक्क नाही, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगायला हवं.

‘बोजा’ हा शब्द शेतकऱ्याला शिकवावा लागत नाही. सोसायटीचं पीककर्ज, बँकेचं ट्रॅक्टरचं कर्ज सातबाऱ्याच्या इतर हक्कात चढलेलं त्याने पाहिलेलं असतं. घर विकणाऱ्याचे पैसे राहिले तर १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम ५५ त्या घरावर त्याचा बोजा मानतं. ज्याने ते घर बांधलं किंवा दुरुस्त केलं, त्याचा मात्र असा बोजा आपल्या कायद्यात कुठेच नाही.

अमेरिकेत तो आहे. १७९१ साली मेरीलँड राज्याने पहिला कायदा केला. वॉशिंग्टन ही नवी राजधानी उभी करायची होती, आणि कारागिरांनी व सामान पुरवणाऱ्यांनी उधारीवर काम करावं तर त्यांना काही हमी हवी होती. म्हणून त्यांनी उभारलेल्या इमारतीवरच त्यांचा बोजा ठेवला. आज तिथल्या सर्व राज्यांत या ना त्या रूपात ही तरतूद आहे. मुख्य ठेकेदारच नव्हे, पोटठेकेदार, लाकूडवाला, मजूर यांनाही तिचा आधार मिळतो. तिची दुसरी बाजूही तिथल्या घरमालकांना माहीत आहे. मालकाने ठेकेदाराला पै न पै चुकती केली, ठेकेदाराने लाकूडवाल्याचे बुडवले, तर बोजा मालकाच्या घरावर येतो आणि एकाच कामाचे पैसे दोनदा मोजण्याची वेळ येऊ शकते.

असा कायदा महाराष्ट्रात आणावा, असं म्हणणं सोपं आहे. सुरगाण्यासारख्या तालुक्यात तो आणू नये, हे या लेखाचं ठाम मत आहे.

तालुक्यातले नव्वद टक्क्यांहून अधिक लोक अनुसूचित जमातींचे आहेत. कोकणा, महादेव कोळी, वारली या समाजांच्या हातातली जमीन कर्जापायी कशी गेली, याच्या कहाण्या इथे घरोघरी आहेत. म्हणून तर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ३६ आणि ३६-अ ने आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीकडे परवानगीशिवाय जाऊ नये अशी भिंत घातली. दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम ६० आणखी पुढे जातं: शेतकरी किंवा मजूर ज्या घरात राहतो ते घर हुकूमनाम्याच्या वसुलीसाठी जप्त होत नाही. त्याच कलमात कारागिराची हत्यारंही जप्तीतून सुटलेली आहेत. शेतकऱ्याचं छप्पर आणि गवंड्याची थापी, दोन्हींना एकाच कलमाने जपलंय. यात जे शहाणपण आहे ते मोडून घरावर बोजा चढवायचा, तर सावकाराच्या वहीची जागा ठेकेदाराची वही घेईल.

पण बोजा नको म्हटलं की दुसरी जबाबदारी येते. मिस्त्रीला त्याच्या घामाचे पैसे मिळण्याची वाट दाखवावी लागते, आणि आज ती वाट फार लांबची आहे.

घरमालकाला निदान ग्राहक आयोग आहे. लखनौ विकास प्राधिकरण विरुद्ध एम. के. गुप्ता या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने घरबांधणी ही ‘सेवा’ ठरवली, आणि २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यातही ती तशीच आहे. मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला फी नाही; मुदत दोन वर्षांची. (महारेराकडे, म्हणजे राज्याच्या स्थावर संपदा प्राधिकरणाकडे, मात्र जाऊन उपयोग नाही. विक्रीसाठी नसलेली दुरुस्ती आणि नूतनीकरण रेरा कायद्याने स्वतःच वगळलं आहे.) मिस्त्रीसाठी ग्राहक आयोगाचं दार बंद, कारण तो सेवा देणारा आहे, घेणारा नाही. त्याने दिवाणी दावा लावायचा, तोही काम झाल्यापासून तीन वर्षांच्या आत. दावा चालू असताना मालक पैसे दुसरीकडे वळवू पाहत असेल तर निकालाआधी जप्ती मागता येते, पण न्यायालय ती सहज देत नाही. रमण टेक विरुद्ध सोलंकी ट्रेडर्स या २००८ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने बजावलं की विनातारण येण्याला तारणाचं रूप देण्यासाठी हा अधिकार वापरू नये. बड्या कंपन्यांच्या भांडणात हे रास्तच आहे. चाळीस हजारांच्या मजुरीसाठी मिस्त्रीने वकील करायचा, तारखांना रोज बुडवायचा आणि तीन-चार वर्षं थांबायचं, हे मात्र होत नाही. म्हणून तो प्लेटा उचलून नेतो.

तर मग भांडण मुळात कशावरून होतं? पैशावरून, हे उत्तर अर्धंच आहे. बहुतेक वेळा भांडण मोजण्यावरून होतं.

काम ‘फुटावर’ दिलं जातं, पण कोणता फूट? आतली जागा मोजायची की भिंतीसकट? स्लॅबची पुढे आलेली कड पूर्ण धरायची की अर्धी? छज्जा मोजायचा का? जोत्याची उंची दरात किती धरली आहे? उतारावरच्या गावात एका कोपऱ्याला जोतं दीड फूट आणि दुसऱ्याला साडेतीन फूट होतं, आणि भरावाचा खर्च तिथेच उडतो. प्लास्टरचं माप काढताना दार-खिडक्या वजा करायच्या का, यावर तर पिढ्यान्‌पिढ्या हुज्जत चालू आहे. भारतीय मानक १२०० ने तिचं उत्तर केव्हाच देऊन ठेवलंय: अर्धा चौरस मीटरपर्यंतची मोकळी जागा वजा करायची नाही, त्यापुढे तीन चौरस मीटरपर्यंत भिंतीच्या एकाच बाजूने वजा करायची, कारण कडांच्या प्लास्टरलाही कष्ट पडतात. सरकारी इमारतीचं बिल असंच निघतं. त्याच सरकारी कामावर वर्षानुवर्षं राबलेला गवंडी आपल्या गावात काम घेतो तेव्हा मात्र हे माप कागदावर येत नाही.

सरकारी कामावर एमबी असते, म्हणजे मोजमाप पुस्तक. अभियंता जागेवर मोजतो, लिहितो, सही करतो, आणि त्या आकड्यावर बिल निघतं. गैरप्रकार तिथेही होतात. पण भांडायला निदान एक आकडा असतो. घरगुती कामात चाळीस पानी वही पुरे. एका बाजूला तारीख आणि दिलेली रक्कम, दुसऱ्या बाजूला झालेलं काम लांबी-रुंदी-उंचीसह, खाली दोघांच्या सह्या. सही येत नसेल तर अंगठा आणि साक्षीदार. जास्तीचं काम निघालं तर ते करण्याआधी दर ठरवून त्याच वहीत एक ओळ. मोबाइलवरचा संदेशही चालतो. जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमात योग्य प्रमाणपत्रासह असा पुरावा ग्राह्य धरला जातो. काँक्रीट ओतण्याआधी सळईचा फोटो तर काढायलाच हवा. सळई एकदा स्लॅबमध्ये गाडली गेली की किती मिलिमीटरची आणि किती अंतरावर, हे छप्पर फोडल्याशिवाय कळत नाही.

स्लॅबच्या दिवशी पैशाचा आणि सुरक्षेचा प्रश्न एकत्र येतो, आणि इथे थोडं थांबायला हवं. भारतीय मानक ४५६ प्रमाणे साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याला टेकू निदान सात दिवस आणि त्याहून मोठ्याला चौदा दिवस ठेवायचे असतात. तुळईखाली त्याहूनही जास्त. सेंटरिंगवाल्याला प्लेटांचं रोजचं भाडं दिसत असतं, पुढच्या गावचं काम खोळंबलेलं असतं. मालकाने स्लॅबचा हप्ता थकवला की प्लेटा काढून नेण्याचा मोह आणखी वाढतो. तेव्हा टेकूचे दिवस आणि त्यांचं भाडं आधीच लिहून ठेवणं हा हिशोबाचा भाग तर आहेच, त्या छपराखाली झोपणाऱ्या लेकरांच्या जिवाचाही आहे.

शेवटचा हप्ता कधी द्यायचा? मोठ्या ठेक्यांत अनामत कापून दोषदायित्वाचा काळ संपल्यावर देतात. सुरगाण्यात त्याचं माप निसर्गानेच दिलंय: एक पावसाळा. एकूण मजुरीचा दहावा हिस्सा राखून ठेवायचा, आणि स्लॅब गळला नाही, भिंतीला ओल आली नाही, तर दसऱ्याला तो बिनबोभाट द्यायचा. ही रक्कम आधी ठरलेली असली तर मिस्त्रीला ती फसवणूक वाटत नाही. शेवटी अचानक अडवलेली रक्कम मात्र नेहमी फसवणूकच वाटते. वादाच्या वेळीही सगळेच पैसे रोखणं चूक. पन्नास हजारांत दहा हजारांचा वाद असेल, तर चाळीस त्याच दिवशी पावती घेऊन द्यावेत.

काम फिसकटलंच, तर दुसऱ्या मिस्त्रीचा हात लागण्याआधी जुन्याने केलेलं काम मोजून घ्यावं. जाणकार अभियंता, दोन पंच, फोटो आणि जुन्या मिस्त्रीला हजर राहण्याची लेखी सूचना. एकदा नव्या विटा चढल्या की कोणाचं काम किती, हे कोणत्याही न्यायाधीशाला सांगता येत नाही.

घरकुलाची गोष्ट वेगळी आणि जास्त नाजूक आहे. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण भागात मदत सपाट प्रदेशात १ लाख २० हजार आणि डोंगराळ-दुर्गम भागात १ लाख ३० हजार, घर निदान २५ चौरस मीटरचं, शिवाय रोजगार हमीतून ९० ते ९५ दिवसांची मजुरी. मार्गदर्शक सूचना सांगतात की सरकारी यंत्रणेने घर बांधायला ठेकेदार नेमायचा नाही. लाभार्थ्याने स्वतः बांधायचं. हेतू उत्तम आहे. पण विटा, सळई, गवंडी, सेंटरिंग हे सगळं स्वतः जुळवणं ज्याला जमत नाही, तो मिस्त्रीला तोंडी गुत्तं देतो. पैसे बांधकामाच्या टप्प्याप्रमाणे, फोटो चढल्यावर लाभार्थ्याच्या खात्यात येतात. मिस्त्रीला मजूर आठवड्याच्या बाजाराला मजुरी मागतात. टप्पा गाठायला पैसा लागतो आणि पैसा यायला टप्पा गाठावा लागतो. या खिंडीत मिस्त्री दुकानदाराची उधारी अंगावर घेतो आणि लाभार्थी त्याला बँकेचं पुस्तक दाखवत फिरतो. दोघांत कोणीच लबाड नसताना झालेलं हे भांडण आहे.

आणि सुरगाण्याचा माणूस या साखळीच्या दुसऱ्या टोकालाही उभा असतो. दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत आणि नाशिकच्या बांधकामांवर इथूनच माणसं जातात. मुकादमाने उचल दिलेली, हजेरी मुकादमाच्या डोक्यात, मालक कोण ते माहीत नाही. ठेकेदाराने मजुरी बुडवली तर मूळ मालकाने ती द्यावी, हे तत्त्व १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्याने मान्य केलं होतं. पण तो लागू व्हायला वीस मजुरांची अट होती. महाराष्ट्राने ती पन्नासवर नेली आणि नव्या कामगार संहितेतही पन्नासच आहे. बंगल्याच्या दुरुस्तीवर राबणारे आठ जण त्यात कुठेच बसत नाहीत.

वरून पैसा अडला की खाली काय होतं, हे राज्याने नुकतंच पाहिलंय. २०२५ मध्ये कंत्राटदार संघटना सरकारकडच्या थकबाकीचा आकडा ८० हजार कोटींहून अधिक सांगत होत्या. त्याच वर्षी जुलैमध्ये सांगली जिल्ह्याच्या वाळवा तालुक्यात जलजीवन मिशनचं काम केलेल्या एका तरुण ठेकेदाराने आपलं आयुष्य संपवलं. पैसे थकल्याचं घरच्यांनी आणि संघटनांनी सांगितलं; सरकारने म्हटलं की त्याच्या नावावर थेट देयक बाकी नव्हतं, तो पोटठेकेदार असावा. दोन्ही विधानं शेजारी ठेवून वाचली की पोटठेकेदार या माणसाची अवस्था कळते. काम त्याचं, कर्ज त्याचं, आणि ज्या कागदावर पैसे निघतात त्यावर नाव दुसऱ्याचं.

लेखी कागदाची किंमत सुरगाण्याला कोणी शिकवायची गरज नाही. ६ मार्च २०१८ ला नाशिकहून निघालेल्या शेतकरी मोर्चात सुरगाणा-पेठ-कळवणची माणसं मोठ्या संख्येने होती. पायाला फोड आलेले ते लोक १२ मार्चला मुंबईहून परतले ते वनजमिनींच्या प्रश्नावर लेखी आश्वासन घेऊनच. २०२३ च्या मोर्चात ठाणे जिल्ह्यातल्या वासिंदला मुक्काम पडला, मुख्यमंत्र्यांनी विधानसभेत निवेदन केलं, तरी माणसं लगेच उठली नाहीत. निर्णय खाली अंमलबजावणीला पोचल्याची खात्री त्यांना हवी होती. सरकारकडून लेखी मागणारा हा माणूस शेजारच्या मिस्त्रीकडे लेखी मागायला संकोचतो, कारण मिस्त्री बहुधा नात्यातला किंवा गावातलाच असतो. लेखी मागणं म्हणजे अविश्वास, असं दोघांनाही वाटतं. हा संकोच मोडायचा तर वही ही गावाची रीत व्हायला हवी, एकट्या मालकाची मागणी नव्हे.

त्यासाठी नवा कायदा लागत नाही. पंचायत समितीत घरकुलांचे अभियंते आहेत, टप्प्याच्या फोटोंसाठी पाहणी होतेच. त्याच फेरीत त्यांनी केलेलं काम मोजून वहीवर सही करावी, आणि घरकुल नसलेल्या घरांसाठी नाममात्र शुल्क घेऊन हीच सोय द्यावी. गावात १५ ऑगस्ट २००७ पासूनची तंटामुक्ती मोहीम आहे, आणि अनुसूचित क्षेत्रात पेसा कायदा तंटे सोडवण्याच्या परंपरागत पद्धती जपण्याचा ग्रामसभेचा अधिकार मानतो. तिथे झालेली तडजोड लोकअदालतीत नेली तर ती हुकूमनाम्याइतकी पक्की होते. त्यावर अपील नाही, आणि दावा दाखल होण्याआधीचं प्रकरणही तिथे घेता येतं. अनुसूचित जमातीच्या व्यक्तीला उत्पन्न न पाहता मोफत विधी साहाय्य मिळतं. लाभार्थी आणि मिस्त्री दोघंही आदिवासी असले तर दोघांनाही. इंग्लंडमध्ये १९९६ च्या कायद्याने बांधकामाच्या पैशांचा वाद तज्ज्ञासमोर नेऊन साधारण २८ दिवसांत तात्पुरता निकाल मिळवण्याची सोय केली. राहत्या घराच्या मालकाला तिथे ती सक्तीची नाही, पण तो २८ दिवसांचा आकडा आपण घ्यावा. कागद न्यायला नाशिक ऐंशी-नव्वद किलोमीटरवर आहे. तेव्हा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाने बांधकामाच्या तंट्यांसाठी माघ ते वैशाख या काळात दर महिन्याला एक दिवस सुरगाण्यात बसावं.

येत्या दिवाळीनंतर घरकुलाचे पहिले हप्ते पडतील आणि जोत्याची आखणी सुरू होईल. पंचायत समितीने मंजुरीच्या पत्रासोबत प्रत्येक लाभार्थ्याला एक छापील मोजमाप वही द्यावी. पहिल्या पानावर दर कशाचा, फूट कोणता, जोतं किती उंच, टेकू किती दिवस आणि दसऱ्याला द्यायची रक्कम किती, या पाच रकान्यांची जागा असावी, आणि ते पान भरून दोघांच्या सह्या झाल्यावरच चुन्याची रेघ मारावी.